आप्पांच्या दाराची बाभूळ

काकी वारली त्या दिवशी सकाळी चुलतभावाचा फोन आला. काय झालं, कसं झालं, ते सांगून झालं आणि मग तो अडखळला.

"दादा, तू ये. पन लाकूड आनू नको."

शिरूरला माझी लाकडाची वखार आहे आणि वखारीतच कटाईचं मशीन आहे. भाऊकीत कुणी गेलं की सरणाचं लाकूड माझ्याकडून जायचं. हे इतकं ठरून गेलेलं होतं की कुणी सांगतही नसे. त्या दिवशीही फोन कानाला लावूनच मी कामगाराला टेम्पो मागे घ्यायची खूण केली होती. ती तशीच राहिली.

"आईनं सांगून ठिवलं व्हतं," तो म्हणाला. "त्याच्या वखारीचं लाकूड माझ्यावर घालू नका, गवऱ्या रचून ठिवल्यात. असं म्हनली. आता का म्हनली आसंल? तुला काय म्हाईत हाय का?"

"न्हाई बा," मी म्हणालो.

मला माहीत होतं. तो पुन्हा विचारणार नाही हेही माहीत होतं, कारण मी कमी बोलणारा माणूस आहे आणि अशा माणसाला लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला. चुलतभावाला तोंडावर जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

आमचं गाव वरवंडपासून हमरस्ता सोडून आत. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वस्तीच्या मागे रात्री मेंढरं बसवायची जागा होती. मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात, आणि लेंड्यांतून पडलेलं बी जसं रुजतं तसं माणसाने हाताने लावलेलं रुजत नाही. तिथे दोन बाभळी उठल्या. साध्या पसरट बाभळी नव्हेत, रामकाठी. बुंधा सरळ आणि फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या वर गेलेल्या. त्यातल्या थोरल्या बाभळीला आजोबा कळपातला नर, एडका, बांधत. साखळी घासून घासून बुंध्याला एक खाच पडली होती. लहानपणी मी त्या खाचेत पाय ठेवून वर चढायचो.

वडील आणि त्यांचे भाऊ आप्पा, म्हणजे काकीचे यजमान, वेगळे निघाले तेव्हा या बाभळी तोडल्या. आप्पा थोरले, माझे वडील धाकटे. पंचांनी ठरवलं, बुंधे थोरल्याला, फांद्या धाकट्याला. फांद्यांचं काय होणार? दोन वर्षं आमची चूल पेटली आणि संपल्या. आप्पांनी मात्र बुंधे ओढ्याच्या डोहात एक पावसाळा बुडवून ठेवले. बाभूळ अशी पाण्यात मुरवली की तिला भुंगा लागत नाही. नंतर ते बाहेर काढून गोठ्यात दगडांवर आडवे टाकले, खाली हवा खेळेल असे. येणाऱ्याजाणाऱ्याला आप्पा ते दाखवत. "माझ्या दाराची चौकट हाय ही," म्हणत. तेव्हा त्यांच्या घराला मातीच्या भिंती होत्या आणि दाराच्या जागी पत्र्याचं फाटक होतं. पण चौकट तयार होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका श्रावणात, माझे वडील गेले. आठवडाभर झड लागली होती. आमच्याकडे पद्धत अशी की माणूस गेला की घरटी लाकूड येतं. कुणी ओंडका आणतो, कुणी चार फाटी. मागायचं नसतं. पण त्या पावसात जे येत होतं ते सगळं ओलं. अंगणात पडलेल्या लाकडांतून पाणी निथळत होतं. जाणती माणसं एकमेकांकडे बघत होती. मी आप्पांच्या गोठ्यात गेलो. मागायचं नसतं, तरी मी मागितलं.

आप्पा बाजेवर बसून दाव्याला पीळ घालत होते.

"आप्पा, एक बुंधा द्या. बाकीचं समदं वल्लं हाय."

त्यांनी पीळ पुरा केला. गाठ मारली. "ते इमारती लाकूड हाय," म्हणाले. "जाळायचं न्हाई."

"तुमचा भाऊ गेलाय, आप्पा."

"मला म्हाईत न्हाई व्हय? येतोय की मागनं. तू व्हय फुडं."

मी बाहेर पडलो तेव्हा काकी गोठ्याच्या मागच्या बाजूने आली. डोक्यावर पोतं पांघरलेलं आणि कडेवर गोवऱ्यांची पाटी, वर प्लॅस्टिकचा कागद. "ह्या कोरड्या हायेत," एवढंच म्हणाली आणि पाटी माझ्या हातात देऊन परत गेली. ती दिलेली आप्पांना कळली तर काय होईल हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आप्पा आले, सांगितल्याप्रमाणे, मागून. घोंगडीची खोळ करून, दोन्ही हात पाठीमागे बांधून. भाऊकीतल्या प्रत्येकाने सरणावर काही ना काही ठेवलं. आप्पांनी काही ठेवलं नाही. ठेवायला आणलंच नव्हतं. काकीच्या गोवऱ्यांवर सरण पेटलं, पण पेटून राहीना. रॉकेल ओतलं. मग कुणीतरी ट्रॅक्टरचा जुना टायर आणला. माझ्या वडिलांना टायरवर जाळलं. तो काळा धूर वर जाईना, पावसाने दबून आमच्याच अंगावर येत राहिला.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा सावडण्यासारखं झालं नव्हतं.

त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. बाकीच्यांना मी परत पाठवलं आणि जे उरलेलं काम होतं ते एकट्याने पुरं केलं. मी शपथ वगैरे घेतली नाही. फक्त आप्पांचं ते वाक्य मला पाठ झालं. ते इमारती लाकूड हाय, जाळायचं न्हाई. पुढे कितीतरी वर्षं सकाळी उठल्यावर तोंड धुताना ते वाक्य यायचं, एखाद्याला देवाचं नाव येतं तसं.

वर्ष सरल्यावर मी गाव सोडलं. शिरूरला एका वखारीत कामाला लागलो. आधी लाकडं उचलायला, मग मशीनवर. मला हे काम आवडलं याचं एक कारण असं की मशीन चालू असताना बोलावं लागत नाही. पुढे मालक थकले आणि त्यांनी वखार मला चालवायला दिली, मग हळूहळू ती माझीच झाली. रानारानांतून बाभूळ, लिंब, शिरस विकत घ्यायचे, ओंडके आणायचे, कापून फळ्या, वासे, चौकटी करायच्या. ओंडक्याला हात लावला की आत काय असेल याचा अंदाज येऊ लागला. आणि ज्याचा ओंडका असतो त्याला हा अंदाज नसतो. आत काय निघालं हे मशीनवाला सांगेल तेच खरं. या धंद्यात सगळा विश्वास तेवढ्या एका जागेवर असतो.

एका हिवाळ्यात, दोन हजार साल जवळ आलं असेल, आप्पांचा ट्रॅक्टर माझ्या वखारीत आला. ट्रॉलीत ते दोन बुंधे. चुलतभावाला कुरकुंभला कंपनीत नोकरी लागली होती, वस्तीवर विटांचं घर उठत होतं.

आप्पा ट्रॉलीवरून उतरले, धोतर झटकलं आणि वखारीभर नजर फिरवली. "लई मोठं केलंस की रं," म्हणाले. "तुझ्या बापानं बघाय पायजे व्हतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं, कधी ना कधी हा माणूस माझ्यासमोर येईल तेव्हा त्याची नजर खाली असेल. त्याच्याही डोक्यात ते वाक्य फिरत असेल. काही नव्हतं. आप्पा विसरले होते. त्या श्रावणातलं त्यांना काही आठवतच नव्हतं, आणि आठवत असेल तर त्यात आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. त्यांनी खाली बघितलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. त्यांनी चहा मागितला.

"दौंडला, केडगावला मशिनी हायेत की, आप्पा," मी म्हणालो. "एवढ्या लांब कशाला आलात?"

"भाईरचा मारतो. तू घरचा." त्यांनी बशीत चहा ओतला. "घरच्या मान्सापाशी लाकूड टाकलं की निवांत. तिथं उभं ऱ्हाया नको, का राखन नको."

माझ्याकडचा मिस्त्री उत्तर प्रदेशातला होता. त्याने बुंध्यावर पान्हा वाजवून बघितला. "चाचा, ये लकड़ी है कि लोहा? हमारा पट्टा तोड़ोगे."

"काय म्हंतोय त्यो?"

"लोखंड हाय म्हंतोय."

आप्पा खूश झाले. त्यांनी कोपरीच्या खिशातून सुतळीची गुंडाळी काढली. दाराचं माप त्यांनी सुतळीवर गाठी मारून आणलं होतं, उभ्या बाजूची एक सुतळी आणि आडवीची दुसरी. "थोरल्यातनं दाराची चौकट काढ. धाकट्यातनं खिडक्या. आन् तुझ्या काकीनं सांगितलंय, उंबरा जाड ठिव. लोकाच्या दारावानी पट्टी नको. चांगला वीतभर ठिव म्हंती, म्हंजी हळदकुकू लावाय जागा व्हईल."

काकीने कुंकवाची पुडी आणि नारळही दिला होता. आप्पांनी स्वतः बुंध्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

"करवतीचा पट्टा बोथट झालाय," मी म्हणालो. "धार लावून घेतो. तुम्ही कशाला खोळंबता? बाजाराच्या दिवशी या."

"बरं," म्हणाले, आणि खरंच निघून गेले. मागे वळूनही बघितलं नाही. घरचा होतो मी.

थोरला बुंधा मी स्वतः कापला. मिस्त्रीला बाजूला व्हायला सांगितलं. पहिली साल निघाली आणि आतून जो रंग उघडा पडला तो मी विसरणार नाही. काळसर लाल, कलेजीसारखा, आणि एक चीर नाही, एक गाठ नाही. इतकी वर्षं मी लाकूड कापतोय, असा बुंधा दोनदा बघितला नाही. आप्पांनी त्याला मुलासारखं सांभाळलं होतं, हे कबूल करावं लागेल. आणि मला ते बघून जास्त राग आला. एवढी माया त्या माणसाकडे होती. फक्त ती लाकडाला मिळाली होती.

सुतळीच्या गाठींवरून मी चौकट कापली. अगदी मापाबरहुकूम. दोन उभ्या बाजू, वरचा आडवा, आणि उंबरा वीतभर जाड, काकीने सांगितला तसा. आजोबांच्या एडक्याची ती खाच उंबऱ्याच्या कडेला आली होती. रंधा मारला असता तर निघून गेली असती. मी ठेवली.

"बढ़िया माल है, सेठ," मिस्त्री म्हणाला. "चाचा खुश हो जाएगा."

"ये चाचा का नहीं है," मी म्हणालो.  त्याने खांदे उडवले आणि भुसा भरायला गेला. वखारीत विचारायचं नसतं.

चारही तुकडे मी मागच्या पत्र्याखाली नेले. मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचले. वर गोणपाट टाकलं.

बाजाराच्या दिवशी आप्पा एसटीने आले. धाकट्या बुंध्याच्या खिडक्या मी तयार ठेवल्या होत्या. शेजारी दुसऱ्याच एका बाभळीच्या फळ्या टाकल्या होत्या. तळेगाव ढमढेऱ्याकडून आलेला ओंडका, आतून पूर्ण पोखरलेला. बोट घातलं की पीठ गळायचं.

"थोरला आतनं गेलेला निघाला, आप्पा."

ते खाली बसले. एक फळी मांडीवर घेतली. बोटाने भुसा उकरला, तळहातावर घेतला, चिमटीत चोळला. मला एक क्षण वाटलं, ओळखतील. रंग वेगळा होता, रेषा वेगळी होती. पण त्यांनी लाकूड बाहेरूनच सांभाळलं होतं. आतून ते कधी कुणी बघितलेलं नसतं.

"डव्हात मुरवलं व्हतं रं," आप्पा म्हणाले. "एक पावसाळा. भुंगा शिरला कवा?"

"शिरतो. भाईरनं कळत न्हाई."

"वाजवला तवा तर लोखंडावानी वाजला."

"व्हय. असं व्हतं कधी कधी."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. टोपीला मशीनचा भुसा चिकटला होता, तो झटकला नाही.  मी समोर उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. खरं तेच लिहायचं आहे. मला पोट भरल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या हातातून पीठ गळत होतं आणि मी मनात म्हणत होतो, बघा आप्पा, इमारती लाकूड.

"सागाची चौकट देतो," मी म्हणालो. "घरचंच हाय. पैशे नगं."

"न्हाई," ते म्हणाले. "ती पायजे व्हती."

जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काय दोष," म्हणाले.

घराच्या वास्तुशांतीला मी गेलो. कशाला गेलो, तर बघायला. दाराला वेल्डिंगवाल्याकडून आणलेली लोखंडी चौकट होती, तिला लाकडासारखा दिसेल असा तांबडा तेलरंग दिलेला. दारही पत्र्याचं. वाऱ्याने लागलं की डब्यासारखं वाजायचं. प्रत्येक वेळी वाजलं की आप्पा पंगतीतून तिकडे बघायचे. मी पोटभर जेवलो.

निघताना काकी दारात वाकलेली दिसली. लोखंडी चौकटीला उंबरा नव्हताच, खाली सिमेंटची बारीक पट्टी होती. तिच्यावर ती कुंकवाची बोटं उमटवायला बघत होती आणि एका वेळी एकच बोट मावत होतं.

"उंबरा जाड ठिव म्हनलं व्हतं तुला," ती हसून म्हणाली. "न्हाई आमच्या नशिबात."

गोवऱ्यांची ती पाटी त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आली. तोवर मी हिशोब फक्त आप्पांशी धरला होता. ते दार तिचंही होतं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं म्हटलं तर कोण विश्वास ठेवील? सुचलं होतं. मी तिकडे बघितलं नव्हतं. तेव्हाच सांगता आलं असतं, काकी, तुझा उंबरा माझ्याकडे आहे. मी चप्पल घातली आणि निघालो.

चौकट वखारीत पडून राहिली. गिऱ्हाइकं मागायची. पुण्याहून एक बंगलेवाला आला होता, गोणपाट उचलून बघितलं आणि हलेचना. मी विकायची नाही म्हणून सांगितलं. "ठेवलीय कशाला मग?" त्याने विचारलं. मी हसलो. मी ती आप्पांना जाळायला ठेवली होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा तुकडे उलटेपालटे करायचो, वाळवी बघायचो. आप्पांनी गोठ्यात केली असेल त्याहून माझी निगा कमी नव्हती.

काही वर्षांनी आप्पा गेले. पावसाळा नव्हता, कडक उन्हाळा होता. ओलं लाकूड शोधून सापडलं नसतं. मी टेम्पोत साधी लाकडं भरली आणि सगळ्यांत वर ते चार तुकडे. शिरूर ते वस्ती, न्हावऱ्यावरून जाताना सगळा रस्ता मी एकच वाक्य घोळवत होतो. सरण रचताना, सगळ्या भाऊकीसमोर, मोठ्याने म्हणायचं: हे इमारती लाकूड हाय, पन मी जाळतो. आणि मग सगळं सांगायचं. टायर, धूर, पोखरलेली फळी, सगळं. नुसतं जाळून उपयोग नव्हता. लोकांनी ऐकायला हवं होतं.

आमच्याकडे आपल्याच रानात जाळतात, त्यामुळे टेम्पो अंगणातच आला. लाकडं उतरवायला लागले. ते चार तुकडे खाली ठेवले तेव्हा माणसं जवळ आली. अशी लाकडं सरणात कुणी बघितली नव्हती. रंधा मारलेल्या कडा, आरशासारखी पाठ.

"हे जाळायचं?" कुणीतरी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गावातले एक म्हातारे मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "बघा. पोटच्या पोरानं केलं नसतं. चुलत्यासाठी पोरानं इमारती लाकूड आनलंय. पुतन्या आसावा तर आसा."

सगळे माझ्याकडे बघत होते. चुलतभाऊ रडत पुढे आला आणि त्याने मला मिठी मारली. मी ते वाक्य गिळलं. भीतीने नव्हे. ते कौतुक ऐकायला गोड लागलं. माझ्या वडिलांच्या वेळी कुणी आमच्याबद्दल चांगलं बोललं नव्हतं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते बाजूला राहिलं आणि मी त्या कौतुकाखाली मान खाली घालून उभा राहिलो, नम्र माणूस उभा राहतो तसा.

काकी ओट्यावर बायकांच्यात बसली होती. ती उठली. बायकांनी धरलं, तिने हात सोडवले. लाकडांपाशी आली. उभ्या बाजूकडे बघितलं, दुसऱ्या बाजूकडे बघितलं. मग उंबऱ्यापाशी वाकली आणि त्याच्या कडेवरून तळहात फिरवत गेली. खाचेपाशी हात थांबला. अंगठा आत बसवून तिने ती चाचपली. या वस्तीवर नवरी होऊन आली तेव्हापासून तो एडका तिने त्या झाडाला बांधलेला बघितला होता, तिला सांगायला कुणी लागत नव्हतं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्यामागे दाराची लोखंडी चौकट होती.

"चांगलं वाळलंय," ती म्हणाली.

आणि परत जाऊन बायकांच्यात बसली.

आप्पा चांगले जळले. धूर नावाला नाही. बाभळीचा विस्तव निळा, संथ. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर राख पांढरी शुभ्र, चाळल्यासारखी. मला माझ्या वडिलांची राख आठवली आणि मी पुन्हा आप्पांवर चिडलो. मेल्यावरही चांगलं लाकूड त्यांनाच मिळालं, आणि ते मीच दिलं.

त्यानंतर भाऊकीत माझा मान वाढला. लग्नात पहिला टिळा मला. कुणी गेलं की सरण माझं. काकीने कधी कुणाला काही सांगितलं नाही. मी गेलो की चहा यायचा, ताट यायचं, "बस" म्हणायची, पोरांची चौकशी करायची. बोलण्यात एक अक्षर कमी नाही. फक्त मी निघालो की ती उठून माझ्यामागे पत्र्याचं दार लावून घ्यायची. बाकी कुणी गेलं तर दार उघडंच असायचं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी अंगणाच्या मधे असताना तो आवाज यायचा.

आणि गोठ्यात, जिथे बुंधे पडून असायचे त्याच दगडांवर, ती गोवऱ्या रचत होती. हाताने थापलेल्या, एकसारख्या, खाली हवा खेळेल अशा. वर प्लॅस्टिकचा कागद.

"इकायच्या का?" मी एकदा विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "लागतील की कवातरी."

काकी वारली त्या दिवशी मी टेम्पोशिवाय गेलो. एसटीने चौफुल्याला उतरलो आणि पुढे जीपने. रानात सरण रचून झालं होतं. लाकूड असं फारसं नव्हतंच, खाली थोड्या तुराट्या-फाटी आणि वर सगळ्या तिच्या गोवऱ्या. भाऊकी एकेक करून पुढे होत होती. पद्धतीप्रमाणे ज्याने त्याने घरून काही ना काही आणलं होतं. एका बाईने नातीच्या हातून चंदनाचा तुकडा पाठवला होता. ते म्हातारे मामाही होते, काठी टेकत. त्यांनी माझ्या मागे बघितलं, टेम्पो शोधला.

"तुझं लाकूड कुठाय रं?" त्यांनी विचारलं.

चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता. सकाळचा प्रश्न अजून त्याच्या तोंडावर होता. सांगायला याहून बरी वेळ नव्हती; सगळे तेच होते, तेच अंगण मागे होतं, तेच दार. मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "तिला नगं व्हतं."

"का बरं?"

सरण पेटलं. गोवऱ्या कोरड्या होत्या, लगेच धरल्या. सगळ्यांचं ठेवून झालं होतं आणि माझी पाळी निघून गेली होती. हातात काही नव्हतं, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.